फ्रेम वाचायची कशी? सिनेमा, गेम, फोटो (खान्देशी उदाहरणांसकट)

तापीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, इथे फोटो टाकला की पहिला प्रतिसाद ठरलेला: "रूल ऑफ थर्ड्स नाही पाळला." (म्हणजे चौकटीवर दोन आडव्या, दोन उभ्या रेघांची जाळी टाकून विषय त्या रेघांवर बसवायचा, तो नियम.) सिनेमाच्या धाग्यावर "काय फ्रेम आहे राव!", गेमच्या धाग्यावर "ग्राफिक्स कडक". यातून फोटो काढणाऱ्याला काय कळतं? शून्य. म्हणून हा धागा. चौकटीवर जाळी टाकायच्या आधी कॅमेरा कुठे होता ते शोधा: जमिनीपासून किती उंच, विषयापासून किती लांब आणि उजेडाच्या कोणत्या अंगाला. ऐंशी टक्के रचना तिथेच ठरलेली असते, असं माझं ठाम मत आहे.

उंचीपासून सुरुवात. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेघ प्रत्येक गोष्टीला भिंगाच्या उंचीवरच कापते, मग ती गोष्ट पाच मीटरवर असो की पन्नास. सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा घ्या. खांद्यापाशी उंची दीड मीटरच्या आसपास. तुम्ही उभ्यानं फोटो काढता, म्हणजे भिंग साधारण १५५ सेंमीवर. मागच्या गर्दीतली झाडून सगळी डोकी याच उंचीच्या आसपास असतात, त्यामुळे जवळची असोत की लांबची, ती क्षितिजाच्या रेघेवरच ओळीनं येऊन बसतात. आणि घोड्याची पाठही नेमकी तिथेच. पाठ, टोप्या, तंबूच्या कनाती, सगळ्यांचा मिळून एक काला.

आता गुडघ्यावर बसा, भिंग ६५ सेंमीवर आणा. घोडा ५ मीटरवर आणि गर्दी २५ मीटरवर असेल तर गर्दीची डोकी घोड्याच्या अंगावर जेमतेम ८५ सेंमीपर्यंत पोचतात, म्हणजे पोटाच्या आसपास. पाठ, मान, आयाळ मोकळ्या आकाशावर. मात्र ५ मीटर अंतर सोडू नका. दोन मीटरवर जाऊन खाली बसलात तर पुढचे पाय लांबुळके आणि डोकं चिमुकलं दिसतं. घोड्याचा मालक फोटो बघून नाराज होतो तो यामुळे.

अंतर. माणूस २ मीटरवर, लेन्स २५ मिमी (फुल फ्रेमच्या, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या हिशेबानं, फोनचा मुख्य कॅमेरा साधारण एवढाच). आता १६ मीटरवर जा आणि २०० मिमी लावा. माणूस चौकटीत तेवढाच राहतो, मागचा सातपुडा आठपट मोठा होतो. लोक म्हणतात झूमनं डोंगर ओढून आणला. जवळ-लांबचं प्रमाण बदललं ते पायांनी. झूमनं मधला तुकडा तेवढा मोठा केला. यात घोळ होतो तो एप्रिल-मेमध्ये. हवेत धूळ आणि धुरकटपणा इतका की वीस किलोमीटरवरचा डोंगर मोठा होतो पण फिका पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर हाच प्रयोग करा.

दुसऱ्याची फ्रेम वाचताना हेच उलटं वापरायचं. मागच्या माणसाचं डोकं पुढच्याच्या निम्मं दिसत असेल तर तो कॅमेऱ्यापासून दुप्पट लांब आहे. दोघांमधलं खरं अंतर ३ मीटर वाटत असेल तर कॅमेरा पुढच्यापासून ३ मीटरवर होता. संपलं.

उजेड. सातपुडा आपल्या उत्तरेला. डिसेंबरात दुपारी बाराला सूर्य दक्षिणेला, जेमतेम ४५ अंश वर; सावली माणसाएवढीच लांब. त्या वेळी सातपुड्याकडे तोंड केलं तर ऊन तुमच्या पाठीवरून सरळ डोंगरावर पडतं आणि डोंगर पुठ्ठ्याचा दिसतो. सकाळी सूर्य आग्नेयेकडे उगवतो, तेव्हा ऊन आडवं येतं आणि घड्या, नाले, सोंडा उठून दिसतात. मे अखेरीस तर जळगावात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. तेव्हा माणसांचे फोटो काढूच नका. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे येतात.

---

भरीत_आणि_कळणा

तापीकाठ, सगळं मान्य, पण थर्ड्सवर एवढा राग का? नवख्याला विषय मधोमध ठोकायची सवय असते, ती मोडायला जाळी बरी पडते. आणि मुळात त्या नियमाची वाट लोकांनी लावली आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७९७ मध्ये हे नाव वापरलं. तो बोलत होता वाटणीबद्दल: आकाश किती, जमीन किती, उजेड किती, अंधार किती. निम्मं-निम्मं करू नका, एकाला वरचढ होऊ द्या, एवढाच मुद्दा. चार छेदबिंदूंवर डोळे नेऊन टेकवायचे, हे नंतर चिकटलं.

त्यामुळे जाळी वापरायचीच तर बिंदू सोडा, क्षेत्रफळ बघा. तोरणमाळच्या तलावाचा फोटो असेल तर ढग भरून आले असताना आकाशाला दोन तृतीयांश द्या. कोरडं निळं आकाश असेल तर त्याला पट्टीएवढीही जागा देऊ नका.

---

तापीकाठ (धागाकर्ता)

@भरीत_आणि_कळणा, वाटणीच्या अर्थानं घेतलं तर भांडण मिटलं. नवख्याला जाळी द्यायलाही हरकत नाही. निकाल देणाऱ्याच्या हातात नको.

---

पडदानशीन

सिनेमावाल्यांच्या वतीनं. फोटोची चौकट एकटी असते. सिनेमाची आधीच्या आणि नंतरच्या चौकटीला बांधलेली. त्यामुळे एक देखणी फ्रेम काढून तिच्यावर रेघा मारणं म्हणजे अर्धवट काम. पद्धत सांगतो.

कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये प्रसंग लावा. 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते, शिफ्ट आणि 'एस' दाबलं की फ्रेम साठवली जाते. दोन-तीन मिनिटांचा एकच प्रसंग घ्या आणि प्रत्येक शॉटच्या दोन फ्रेम काढा: पहिली आणि शेवटची. मधली सुंदर फ्रेम घ्यायचा मोह होतो, तो टाळा. कट पहिल्या-शेवटच्या फ्रेमवरच होतो. वहीत प्रत्येक शॉटसाठी लिहा: वेळ, कॅमेऱ्याची उंची (गुडघा, कंबर, डोळा, डोक्यावर), माणूस कुठवर कापला, नजर कुठल्या बाजूला आणि आपला डोळा आधी कुठे गेला. मग आधीच्या शॉटची शेवटची फ्रेम आणि पुढच्याची पहिली शेजारी ठेवा. डोळा उजव्या कोपऱ्यात असताना पुढच्या शॉटमध्ये महत्त्वाची गोष्ट डाव्या कोपऱ्यात आली, तर ती शोधण्यात क्षण जातो. कधी हा धक्का मुद्दाम दिलेला असतो. बहुतेक वेळा तो गलथानपणा असतो.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) याच कारणासाठी बघा. जॉर्ज मिलरनं महत्त्वाची गोष्ट सतत चौकटीच्या मध्यभागी ठेवायला लावली. कट इतके भराभर आहेत की डोळ्याला शोधायला वेळच नाही. थर्ड्सवाल्यांनी इथे काय करायचं?

उलट टोक म्हणजे चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४). कॅमेरा लांब, बहुतेक वेळ जागचा न हलणारा, अख्खी खोली चौकटीत. तिथे कुठे बघायचं ते दिग्दर्शक बोट धरून सांगत नाही. बोलणारा, हलणारा आणि उजेडातला माणूस डोळा ओढून घेतो. असा प्रसंग वाचताना शॉटची यादी उपयोगी नाही. एकाच फ्रेमचा कागदावर नकाशा काढा आणि तुमची नजर कुठून कुठे फिरली ते बाणांनी दाखवा.

चौकटीचा आकारही विसरू नका. 'कागज के फूल' (१९५९) हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. पडदा उंचीच्या दुपटीहून जास्त रुंद. चेहरा मोठा केला तरी दोन्ही बाजूंना ढीगभर जागा उरते. व्ही. के. मूर्तींनी त्या उरलेल्या जागेला कामाला लावलं: दोन माणसं एकाच चौकटीत, पण मध्ये अंधार पसरलेला. स्टुडिओतला तो उजेडाचा झोतही आरशांनी बाहेरचं ऊन आत वळवून आणलेला. ही रचना ४:३ मध्ये होणारच नाही, कारण मध्ये पसरायला जागाच नाही.

आणि 'फँड्री' (२०१३). डुक्कर वाहून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू महाराज यांची चित्रं. आधी भिंत, मग कट, मग डुक्कर असं दाखवलं असतं तर ते भाषण झालं असतं. एकाच चौकटीत आहे म्हणून प्रेक्षक ते स्वतः जोडतो.

---

यावलकर_

बठ्ठं भारी शे भो. पन केळीना बागमा फोटो काढा का बठ्ठं हिरवंगार, सपाट येस. काय करानं?

---

निळी_काच

यावलकर दादा, यात दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं उजळतेचं. फोटो काळा-पांढरा करून बघा. लाल लुगड्याचा रंग समजा २००-३०-३० (लाल-हिरवा-निळा, प्रत्येकी ० ते २५५) आहे आणि सावलीतल्या पानांचा ६०-११०-४०. उजळता मोजताना हिरव्याला सुमारे ७१ टक्के वजन, लालला २१, निळ्याला ७. आकडे आधी रेषीय, म्हणजे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात करून हिशेब केला की लुगडं आणि पानं जवळजवळ एकाच करड्या छटेची निघतात. रंगीत फोटोत तुम्हाला वाटतं बाई उठून दिसतेय. उन्हात धरलेल्या फोनवर किंवा अंगठ्याएवढ्या चित्रात ती झाडीत विरघळते. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्याला तर ती दिसतच नाही. कपडे बदलायला सांगू नका, जागा बदला. पानांच्या फटीतून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडतो तिथे माणूस येईपर्यंत थांबा, किंवा बांधावर जाऊन त्याला आकाशावर घ्या.

दुसरं दुखणं उभं राहायच्या जागेचं. ओळींमध्ये पाच-सहा फूट. सगळे बरोबर मध्ये उभे राहून बोगदा काढतात, आणि सगळ्यांचे बोगदे सारखेच. एका ओळीला खेटून उभे राहा, जवळचं खोड हातभर अंतरावर. आता जवळचं खोड प्रचंड, दहावं खोड काडीएवढं. खोली तिथून येते. भिंग ४० सेंमीवर आणलंत तर ठिबकच्या काळ्या नळ्या एका बिंदूकडे पळताना दिसतात आणि वर पानांचं छत येतं. पण नळी चौकटीच्या बरोबर कोपऱ्यातून आत येऊ देऊ नका. कोपऱ्याला चिकटलेली रेघ डोळ्याला आत आणण्याऐवजी तशीच बाहेर घेऊन जाते. थोडं सरका, म्हणजे ती खालच्या कडेतून आत शिरेल.

पानांवर मेणासारखी चमक असते, ती पांढुरकी दिसून हिरवा रंग मारते. पोलरायझर (भिंगावर लावायची, चमक मारणारी काच) फिरवून ती जाते, पण तो उजेडाचे दीड-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). बागेत आधीच अंधार, त्यामुळे शटर मंदावतं आणि वाऱ्यानं पानं पुसट होतात. फुकटचा उपाय म्हणजे सूर्याकडे तोंड करून पानांमधून येणारा उजेड घेणं. पान आतून पोपटी पेटतं, शिरा दिसतात, घड काळसर आकारात समोर येतो. फोन अशा वेळी सावल्या आपोआप उजळून सगळं सपाट करतो. एचडीआर बंद करा, पानावर बोट टेकवा आणि एक्स्पोजर एक स्टॉप खाली ओढा.

---

पिक्सेल_पाटील

गेमवाल्यांची बाजू राहिली. फोटोत कॅमेरा तुमच्या हातात, सिनेमात दिग्दर्शकाच्या, गेममध्ये खेळणाऱ्याच्या. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला तर तुमची फ्रेम गेली. म्हणून गेममध्ये चौकट रचण्यापेक्षा जागा अशी रचतात की बहुतेक दिशांनी चौकट जमून यावी.

'जर्नी' (२०१२) मध्ये लांबवरचा डोंगर आणि त्याच्या टोकावरचा उजेड पुन्हा पुन्हा दिसत राहतो. कुठे जायचं ते कुणी लिहून सांगत नाही. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) च्या मंडळींनी त्रिकोणांची युक्ती जाहीरपणे सांगितली आहे. मोठा त्रिकोण म्हणजे खूण, लांबून ओढणारा डोंगर. मधला त्रिकोण पुढच्या गोष्टी झाकतो आणि जवळ गेलं की हळूहळू उघडतो. छोटा चालण्याला ताल देतो. त्रिकोणाच्या उतारावर खेळणाऱ्याला निवडही मिळते, वर चढायचं की वळसा घालायचा. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' (२०२०) मध्ये दिशा वारा दाखवतो, त्यामुळे कोपऱ्यातला नकाशा गेला आणि चौकट मोकळी झाली.

हे आपल्याकडे करून बघायचं तर लळिंग घ्या. महामार्गालगतचा एकटा किल्ला, फुकटचा मोठा त्रिकोण. खेळणारा धुळ्याकडून येतो असं धरा. सुरुवातीला किल्ला पूर्ण दाखवा, मग मधल्या टेकाडानं झाका, आणि पायथ्याच्या वळणावर तो चौकटीच्या वरच्या कडेला टेकेल एवढा मोठा करून परत द्या. तपासणी अशी: कॅमेरा १७० सेंमीवर ठेवून वाटेवर दर २० मीटरला स्क्रीनशॉट घ्या, सगळे १६० पिक्सेल रुंदीचे करून एका ओळीत लावा. लागोपाठ तीन चित्रांत ध्येय दिसत नसेल आणि दुसरंही काही ओढत नसेल, तर तिथे खेळणारा हमखास भरकटतो. झाड, धूर, पताका, काहीतरी द्या.

आता एफओव्ही, म्हणजे कॅमेऱ्याला किती रुंद दिसतं तो कोन. तिथे सगळ्यात जास्त गोंधळ. आडवा कोन ९० अंश म्हणजे फुल फ्रेमवर १८ मिमी, ७४ म्हणजे २४ मिमी, ५४ म्हणजे ३५ मिमी, ४० म्हणजे ५० मिमी. ज्याला "नॉर्मल" म्हणतात ती गेमची दृष्टी फोटोवाल्याच्या हिशेबानं चांगलीच वाइड असते. म्हणून गेममधले डोंगर बुटके वाटतात आणि कलाकार ते मुद्दाम उभट करतात. शिवाय गेम बनवायच्या इंजिनांपैकी अनरिअल आडवा कोन मोजतं आणि युनिटी मुळात उभा. युनिटीचे ६० अंश १६:९ पडद्यावर आडवे सुमारे ९१ होतात. एकातले आकडे दुसऱ्यात जसेच्या तसे टाकले की अख्खी रचना बिघडते आणि माणूस दोन दिवस प्रकाशाला दोष देत बसतो.

खांद्यामागच्या कॅमेऱ्यात पात्र पडद्याच्या डाव्या भागात असतं. 'रेसिडेंट ईव्हिल ४' (२००५) पासून ही मांडणी रुळली. तिथे खरी मापं चालत नाहीत. सात फुटी दारातून माणूस जातो, पण त्याच्या मागे अडीच मीटरवरचा कॅमेरा चौकटीला धडकतो. म्हणून गेममधली घरं, दारं, जिने खऱ्यापेक्षा मोठे असतात. फोटो मोडमध्ये लेन्स ८५ मिमीवर नेली की ती दारं अचानक वाड्याची वाटतात, ते यामुळे.

---

चाळीसगावची_पोर

पिक्सेल भाऊ, मापावरून आठवलं. आमच्या चाळीसगावच्या केकी मूस यांनी टेबलटॉप फोटोग्राफीत हेच केलं: टेबलावर मांडलेलं जग आणि फोटोत अख्खा निसर्ग. १९८९ च्या शेवटच्या दिवशी ते गेले. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. रचना शिकायला टेबलटॉपसारखी शाळा नाही, कारण डोंगरसुद्धा दोन बोटं सरकवता येतो.

करायचं असेल तर प्रमाण आधी ठरवा. एकास वीस धरलं तर माणसाच्या डोळ्याची १६० सेंमी उंची ८ सेंमी होते. भिंग तिथेच हवं. वीस सेंमीवर ठेवलं की चार मीटर उंच गच्चीवरून बघितल्यासारखं दिसतं आणि खेळणं म्हणून ओळखू येतं. उजेडाचंही तेच. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाचा दिसतो. तेवढाच दिसणारा दिवा हवा म्हणजे २ मीटरवर साधारण २ सेंमीचं छिद्र. पुठ्ठ्याला छिद्र पाडून मागे एलईडी लावा. नुसता ६ सेंमीचा बल्ब लावला तर सावलीच्या कडा तिप्पट मऊ होतात आणि सोंग उघडं पडतं. डिफ्यूजर (उजेड पसरवणारा पडदा) तर नकोच.

तिसरी अडचण फोकसची. पुढची काडी स्पष्ट, मागचा डोंगर पुसट झाला की आकार लगेच कळतो. कॅमेऱ्यावर छिद्र बारीक ठेवा, एफ ११ ते १६. त्यापुढे सगळंच मऊ पडायला लागतं. फोनवर छिद्र बदलता येत नाही, म्हणून मागे सरकून दुप्पट झूम करा. मातीसाठी बारीक चाळलेली राख घ्या. अंगणातली वाळू घेतली तर एकेक कण या प्रमाणात दगडाएवढा दिसतो.

---

भरीत_आणि_कळणा

वा ताई! वाचनखूण साठवली.

अजिंठ्याबद्दलही कुणीतरी लिहा. पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणी आजूबाजूच्या माणसांपेक्षा कितीतरी मोठा आहे. लांब-जवळचा हिशेब तिथे नाहीच, मानानुसार आकार. शिवाय बघणारा चालत असतो, चित्र थांबलेलं.

---

निळी_काच

अजिंठ्यात मोबाईलवाल्यांचं सगळ्यात जास्त काय चुकतं तर ते चित्र सुटं कापून आणतात. पद्मपाणी गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या अंगाला आहे आणि वज्रपाणी उजव्या. मंडपाच्या मध्यावरून दोघांसकट दार आणि आतला बुद्ध एकत्र बघितला तरच रचना कळते: दोन झुकलेल्या आकृत्या, मध्ये सरळ बसलेली तिसरी. फ्लॅश चालत नाही, उजेड कमी. खांबाशेजारी कोपर अंगाला घट्ट धरून उभे राहा आणि चार-पाच फोटो सलग घ्या. एखादा न हललेला निघतोच.

---

ढोलकी_ऑन_रील

प्रश्न: अहिराणी गाण्याचं शूट आहे. यूट्यूबला आडवं, रीलला उभं, दोन्ही हवं. दोनदा शूट करायला बजेट नाही. फ्रेम कशी लावू?

---

पडदानशीन

४के मध्ये शूट करा, ३८४० बाय २१६०. त्यातून पूर्ण उंचीची उभी ९:१६ पट्टी कापली तर रुंदी १२१५ पिक्सेल मिळते. रीलला १०८० लागतात, म्हणजे स्पष्टता पुरते. फुल एचडीत शूट केलं तर तीच पट्टी ६०७ पिक्सेलची. मोठी केल्यावर फाटते.

पण पट्टी आडव्या चौकटीच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. जोडी नाचताना दोघांत हातभर अंतर पडलं तर एक जण बाहेर. दोघांना शेजारी उभं न करता पुढे-मागे करा, एक कॅमेऱ्याच्या जवळ, दुसरा दोन पावलं मागे, खांद्यावरून दिसणारा. आडव्या चौकटीतही खोली येते. कोरस आणि गर्दी दोन्ही बाजूंना. रीलमध्ये ती गेली तरी गाणं जात नाही. मॉनिटरवर पट्टीच्या दोन कडा चिकटपट्टीनं आखून घ्या.

रीलमध्ये खाली मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात. पाय आणि डफ खालच्या पाचव्या भागात ठेवू नका.

---

तापीकाठ (धागाकर्ता)

एक भर: जिंबलशिवाय (कॅमेरा स्थिर धरणारा दांडा) शूट करणार असाल तर नंतर स्टॅबिलायझेशन लावताना कडेची साधारण दहा टक्के चौकट कापली जाते, म्हणजे १२१५ चे १०९० च्या आसपास उरतात. अगदी काठावर. डोक्यावर नेहमीपेक्षा जास्त जागा सोडा आणि ट्रायपॉड मिळत असेल तर तोच घ्या.